रेषा कुठली लांब? – प्रयोग, प्रयुक्त आणि नंतरचा खुलासा

मृद्गंधा

मंडळी, मी एका जिल्ह्याच्या गावी सीनियर कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. कॉलेज कुठलं ते विचारू नका. पंधरवड्यापूर्वी टीवायच्या प्रात्यक्षिकाला एक प्रकार घडला, तो डोक्यातून जात नाही.

जर्नलमधले तेच ते प्रयोग करून पोरं कंटाळली होती. 'मॅडम, यंदा काहीतरी माणसांचं करू या' म्हणाली. मीच त्यांना मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲशचा रेषांचा प्रयोग सुचवला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: डाव्या कार्डावर एक रेषा, उजव्या कार्डावर तीन. त्या तिघींतली कुठली रेषा डावीकडच्या रेषेएवढी आहे, ते एकेकाने मोठ्याने सांगायचं. लहान मूलही सांगेल इतकं सोपं. मात्र खोलीत खरा प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो, एकच असतो. बाकी सगळे आधी पढवून बसवलेले, आणि ठरलेल्या फेऱ्यांना ते सगळे मिळून एकच चुकीचं उत्तर देतात. प्रयुक्ताची पाळी शेवटी किंवा शेवटून दुसरी.

आमच्याकडे सहा पोरी-पोरं पढवलेली आणि प्रयुक्त म्हणून एफवायचा एक मुलगा. बुजरा, एसटीने येऊनजाऊन करणारा. त्याला सांगितलं, 'नजरेचा प्रयोग आहे, दहा मिनिटांचं काम.' संमतीपत्रावर सही घेतली. त्यावर छापलंय, 'प्रयोगाचे स्वरूप मला समजावून सांगण्यात आले आहे.' आता हे वाक्य या प्रयोगात खोटंच असणार. स्वरूप समजावलं तर प्रयोग उरतो कुठे!

पहिल्या दोन फेऱ्या सरळ गेल्या. तिसऱ्या फेरीला सहाच्या सहा जणांनी 'क' म्हटलं. उत्तर उघड उघड 'अ' होतं. मुलगा कार्डाकडे बघतोय, मग पोरांकडे, मग पुन्हा कार्डाकडे. मान जराशी पुढे काढली. आणि हळूच 'क'. बारापैकी नऊ वेळा तो गटाबरोबर गेला. शेवटी पोरांना हसू आवरेना. कुणीतरी 'अरे, गंमत होती रे' म्हणालं, तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली, मी मस्टर घेऊन विभागात गेले. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्याचं नाव 'मेंढरू' पडलेलं. त्या दिवसापासून तो माझ्या तासाला आलेला नाही.

फाशी द्यावी असा गुन्हा नाही, कळतं मला. पण चुकलं नेमकं कुठे? खोटं बोललो तिथे, हसलो तिथे, की आणखी कुठे? वर्गात मी स्वतःच संशोधनातली नीतिमत्ता शिकवते, पाच मार्कांची टीप येते त्यावर.

आगाऊ_कार्टा

पहिला! ताई, चार रेषा दाखवल्या त्याला, शॉक नाही दिला. आमच्या होस्टेलला रॅगिंगमध्ये याच्या दसपट व्हायचं आणि पुढे तीच मंडळी जिगरी दोस्त झाली. 'मेंढरू' हे काय टोपणनाव झालं? माझं काय होतं ते इथे लिहिलं तर धागा उडेल. पोरगं येईल परत दोन आठवड्यांत. हल्ली सगळ्याचाच बाऊ होतो.

आकडेवाला

नीतिमत्तेचं तुम्ही बघा, मला त्या 'मेंढरू'बद्दल बोलायचंय. कारण तो शब्द कॅन्टीनमध्ये नाही, पाठ्यपुस्तकात जन्मला आहे.

ॲशचे आकडे बघा. १८ फेऱ्या, त्यांतल्या १२ फेऱ्यांना गट मुद्दाम चुकायचा. त्या बारांत प्रयुक्तांची साधारण ३७ टक्के उत्तरं गटासारखी चुकीची आली. म्हणजे ६३ टक्के उत्तरं बरोबर होती! एकट्याने, समोर सगळे ठाम चूक बोलत असताना, अनोळखी माणसांत बसून. जवळजवळ पाव लोक एकदाही बधले नाहीत. ॲशला स्वतःला या न बधणाऱ्यांचंही तेवढंच अप्रूप होतं. शिवाय पढवलेल्यांपैकी एकाने जरी खरं उत्तर दिलं, तरी प्रयुक्ताच्या चुका सुमारे चौथ्या हिश्श्यावर येत. माझ्या मते या प्रयोगातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच, आणि गाईडमध्ये ती एका ओळीत उरकलेली असते.

पुस्तकं मात्र 'माणूस मेंढरासारखा वागतो' एवढंच लिहितात. ताई, तुमच्या पोरांनी तेच वाचलं होतं. आधी निष्कर्ष पाठ, मग प्रयोग. समोर जो बसला तो त्या निष्कर्षाचं उदाहरण झाला, एवढंच.

आणि एका मुलावर केलेल्या प्रयोगाला मी तरी प्रयोग म्हणणार नाही. ते प्रात्यक्षिकच. मग ज्यातून नवीन काहीच कळणार नव्हतं, त्यासाठी एका मुलाला खोटं सांगणं कितपत रास्त? फसवणुकीचा हिशेब तिथून सुरू होतो.

मृद्गंधा

@आगाऊ_कार्टा, रॅगिंगशी तुलना तुम्हीच केलीत, मी नाही. बास झालं ना तेवढं.

@आकडेवाला, शेवटचा परिच्छेद झोंबला. बरोबर आहे म्हणूनच झोंबला.

बोलता बोलता एक गोष्ट. मराठीतून मानसशास्त्र शिकलेल्यांना 'प्रयुक्त' हा शब्द अंगवळणी पडलेला असतो. प्रयोगकर्ता आणि प्रयुक्त. जर्नलमध्ये 'प्रयुक्ताला सूचना', मग निरीक्षणं, मग 'प्रयुक्ताचे अंतर्निरीक्षण'. परवा पहिल्यांदा थांबून विचार केला, की प्रयुक्त म्हणजे 'वापरलेला'. हल्ली 'सहभागी' म्हणा असं सांगतात. शब्द बदलून वागणं बदलतंच असं नाही, पण जुना शब्द निदान प्रामाणिक होता. त्यातलं 'अंतर्निरीक्षण' हे कलम मात्र मला आता फार शहाणं वाटतं. प्रयोग झाल्यावर त्या माणसाला विचारायचं, 'तुला काय वाटलं?' आमची पोरं ते घरी बसून स्वतःच्या मनाने लिहितात. 'प्रयुक्ताला प्रयोग आवडला.' तीस जर्नलांत तेच वाक्य.

आणि शॉकचं म्हणाल, तर स्टॅन्ली मिलग्रॅम हा ॲशच्याच हाताखाली काम केलेला माणूस. रेषांच्या जागी ज्याने कुणाचं तरी काही बिघडेल असं काही ठेवलं तर, या विचारातून त्याचा प्रयोग आला. येल विद्यापीठ, ऑगस्ट १९६१. स्मरणशक्तीचा अभ्यास आहे म्हणून जाहिरात, ४ डॉलर मेहनताना आणि ५० सेंट गाडीभाडं. आलेल्या माणसाने 'शिक्षक' व्हायचं, पलीकडच्या खोलीतला 'विद्यार्थी' चुकला की बटण दाबायचं. १५ व्होल्टपासून ४५० पर्यंत ३० बटणं. विद्यार्थी पढवलेला, शॉक खोटे. करडा कोट घातलेला प्रयोगकर्ता म्हणत राहतो, 'कृपया पुढे चालू ठेवा.' पहिल्या प्रसिद्ध झालेल्या मालिकेत ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले.

ते २६ सगळ्यांना पाठ असतात. मला आता वेगळंच दिसतं. घामाघूम झालेला, थरथरणारा तो माणूस नंतर जिना उतरून घरी गेला, तेव्हा त्याला काय ठाऊक होतं?

न्यूहेवनकर

एरवी इथे नुसता वाचत असतो, पण आता लिहावंच लागेल. मी नोकरीनिमित्त येलच्याच गावी, अमेरिकेत न्यू हेवनमध्ये राहतो. तो प्रयोग सुरू झाला ती लिन्सली-चिटेंडन हॉलची इमारत हाय स्ट्रीटवर आहे, जुनी दगडी. पोरं लॅपटॉप घेऊन आतबाहेर करत असतात. गावाकडचे पाहुणे आले की मी त्यांना तिच्यासमोर उभं करून गोष्ट सांगतो. एका मामांनी विचारलं होतं, 'मग त्या ४ डॉलरचं काय, परत मागितले का कुणी?' नाही मागितले. पैसे यायचेच, मध्येच उठून गेलात तरी. तसं आधीच सांगितलेलं असायचं.

मृद्गंधा यांच्या प्रश्नाचं उत्तर मिलग्रॅमच्या कागदपत्रांत आहे, आणि ती इथेच येलच्या ग्रंथालयात ठेवलेली आहेत. ऑस्ट्रेलियाच्या लेखिका जीना पेरी यांनी ती कागदपत्रं आणि टेपा धुंडाळल्या, हयात असलेल्या प्रयुक्तांना गाठलं. छापील लेखात मिलग्रॅम म्हणतो की प्रयोगानंतर सगळ्यांची समजूत काढून, 'विद्यार्थ्या'शी गाठ घालून देऊन घरी पाठवलं. प्रत्यक्षात कित्येकांना शॉक पूर्ण खोटे होते हे त्या दिवशी सांगितलंच गेलं नाही. 'वाटले तेवढे जोरदार नव्हते' अशा छापाचं काहीतरी सांगून बोळवण. कारण? गाव लहान. बाहेर बोभाटा झाला तर पुढचे प्रयुक्त सावध होतील. पुरा खुलासा झाला तो काही महिन्यांनी टपालाने आलेल्या अहवालातून. तोवर काही माणसं आपण कुणाला तरी इजा केली या समजुतीत याच रस्त्यांवरून कामाला जात होती.

आकडेवाला

@न्यूहेवनकर, उत्तम प्रतिसाद. एक पुरवणी. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६४ मध्ये मिलग्रॅमवर टीका केली, की माणूस प्रयोगशाळेत विश्वासाने येतो आणि तुम्ही तोच विश्वास वापरून त्याला पिळता. यावर मिलग्रॅमने आकडा पुढे केला: नंतर पाठवलेल्या प्रश्नावलीत ८४ टक्के लोक म्हणाले, भाग घेतला याचा आनंद आहे. जेमतेम १ टक्क्याला पश्चात्ताप. बचाव म्हणून हा आकडा आजही फेकला जातो. पण प्रश्नावली पाठवणारा कोण? तोच, ज्याने आधी फसवलं. आणि सोबत अहवाल, की तुम्ही विज्ञानाची केवढी सेवा केलीत. आपल्याकडे लग्नात जेवण वाढणाराच विचारतो ना, 'कसं झालंय जेवण?' तसलं.

खुर्चीतला_माणूस

मी एचआरमध्ये आहे. इथे सगळे प्रयुक्ताच्या बाजूने कळवळताहेत म्हणून विचारतो. २००७ साली एक पेपर आला होता, नावं बदलून नोकरीचे अर्ज पाठवल्याचा. खोटे अर्ज, खोटी माणसं. आमच्यासारख्यांनी ते खरे समजून वाचले, वेळ घालवला, आणि शेवटी पेपरात आम्हीच जातीयवादी. आमची संमती कुणी घेतली? तो मुलगा निदान एक फॉर्म तरी भरून बसला होता.

कोरडवाहू

तो पेपर सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा. थोरात म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातले, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते ते. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या नियतकालिकात आला. ६६ आठवडे इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज. पात्रता सारखी, आडनावं वेगळी: एक उच्चवर्णीय हिंदू वाटेल असं, एक दलित, एक मुस्लिम. पुढच्या फेरीला बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला ०.६७ पट, मुस्लिम नावाला ०.३३ पट.

खुर्चीतले साहेब, संमती घेऊन हा अभ्यास झाला असता का? 'तुम्ही आडनाव बघून अर्ज बाजूला टाकता का, हे तपासायला खोटे अर्ज पाठवणार आहोत, इथे सही करा.' कोण टाकेल आडनाव बघून? प्रश्नावली भरून घेतली असती तर सगळ्यांनीच 'आम्ही फक्त गुणवत्ता बघतो' यावर टिक केली असती. काही गोष्टी विचारून कळत नाहीत, करून बघाव्या लागतात. आणि त्या पेपरात कुठल्याही कंपनीला, कुठल्याही माणसाला नावाने उभं केलेलं नाही. तुमचा गेला तो अर्ज वाचायचा वेळ. ज्याचा अर्ज न वाचता जातो त्याचं काय जातं, ते मी इथे लिहीत बसत नाही. माझं स्वतःचं आडनाव मी या आयडीत घेतलेलं नाही, त्याचं कारण शोधा.

खुर्चीतला_माणूस

वैयक्तिक घेऊ नका. मुद्दा पोचला. तरी माझा आक्षेप अर्धा तसाच आहे: ते खोटे अर्ज वाचण्याच्या नादात एखाद्या खऱ्या उमेदवाराची फाइल खाली गेली असेल, तर त्याची जबाबदारी कुणाची?

कोरडवाहू

हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणूनच अशा अभ्यासांत बोलावणं आलं की लगेच नम्रपणे नकार कळवून जागा मोकळी करतात. तेवढं केल्याने सगळं धुऊन निघतं असं नाही.

शिरा_उपमा

हे सगळे निदान पेपर छापून सांगतात तरी. मी ॲप बनवणाऱ्या कंपनीत आहे. आम्ही रोज अर्ध्या लोकांना हिरवं बटण आणि अर्ध्यांना केशरी दाखवतो, त्याला प्रयोग म्हणायचंही कुणाच्या मनात येत नाही. फेसबुकने जानेवारी २०१२ मध्ये एक आठवडा ६,८९,००३ लोकांच्या फीडमधल्या आनंदी किंवा दुःखी पोस्टी कमी करून बघितल्या, की त्यांच्या लिहिण्यात फरक पडतो का. फरक पडला तो नखाएवढा. २०१४ मध्ये पेपर आला तेव्हा बोंबाबोंब झाली. कंपनीचं उत्तर: खातं उघडताना अटी मान्य केल्या होत्यात की! ज्या नियतकालिकाने तो छापला, त्यालाच पुढे संमतीबाबत चिंता व्यक्त करणारं निवेदन जोडावं लागलं.

माझ्या टीमची प्रतिक्रिया काय होती सांगू? 'मूर्ख आहेत, छापलं कशाला.'

बांधावरून

मी एका संस्थेच्या नीतिमत्ता समितीवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. समितीत सामान्य माणूस हवा असा नियम, म्हणून मला घेतलंय. आरोग्याशी संबंधित संशोधनाला आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनावरही प्रकरण आहे. त्याही आधी, २००० साली, मुंबईच्या सेहत संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नीतितत्त्वं तयार झाली होती. कागदावर आपण अडाणी नाही.

अडचण फॉर्मची आहे. सहा पानी संमतीपत्र, इंग्रजीतून जसंच्या तसं मराठीत ओढलेलं. 'सदर अभ्यासात सहभागी होण्यापासून आपणांस कोणतीही प्रत्यक्ष लाभप्राप्ती संभवत नाही.' मी एकदा विचारलं, हे तुमच्या आजीला वाचून दाखवाल का? संशोधक हसला. मी मात्र गंमत करत नव्हते. पुढच्या बैठकीत त्याने एक पानाचं करून आणलं: 'तुम्हाला यातून काही मिळणार नाही. मध्येच नको वाटलं तर उठून जा, दवाखान्यातली ट्रीटमेंट थांबणार नाही.' शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं होतं. बायका सही करत होत्या त्या औषध बंद होईल या धास्तीने.

ताई, तुमच्या त्या मुलालाही 'नाही' म्हणता आलं असतं का? तुम्ही त्याच्या मॅडम. अंतर्गत गुण तुमच्या हातात.

आगाऊ_कार्टा

ओके, हा मुद्दा मला आधी सुचला नव्हता. मॅडमनी बोलावलं तर एफवायचं पोरगं 'नाही' म्हणेल हे अशक्य. एक पाऊल मागे.

पण मग फसवल्याशिवाय काहीच करता येत नाही का या विषयात? मग करता कशाला?

आकडेवाला

येतं की. थोडं अवांतर, पण आपल्याकडचं आहे. १५ जानेवारी १९३४ चा बिहारचा भूकंप. त्यानंतर उठलेल्या अफवा जमुना प्रसाद यांनी गोळा केल्या आणि १९३५ मध्ये त्यावर लिहिलं. जिथे धक्का जाणवला पण पडझड झाली नाही, तिथेही 'याहून मोठं संकट येतंय' अशा अफवा जोरात होत्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर पुढे या नोंदींवर अडखळला. घाबरलेली माणसं स्वतःला आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का पसरवतील? त्याला सुचलं ते असं, की भीती आधीच मनात आहे आणि डोळ्यांसमोर तिला साजेसं कारण नाही, म्हणून माणूस साजेसं कारण तयार करतो. विचारांच्या विसंगतीचा त्याचा गाजलेला सिद्धान्त त्यातून उभा राहिला. कुणाला खोलीत बसवलं नाही, कुणाला फसवलं नाही. लोक बोलत होते, एकाने कान देऊन लिहून घेतलं.

आणि जे फसवून, खोलीत बसवून मिळवलं ते तरी किती टिकलं? २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० छापील अभ्यास पुन्हा करून बघितले. मूळच्या ९७ टक्क्यांत परिणाम 'लक्षणीय', म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडता न येणारा, होता, पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांत. सामाजिक मानसशास्त्राचा निकाल त्याहून वाईट. नेदरलँड्सच्या डिडेरिक स्टॅपल या मानसशास्त्रज्ञाने तर प्रयुक्त बोलवायचेही कष्ट घेतले नाहीत, आकडेच घरी बसून लिहिले. २०११ मध्ये पकडला गेला, पन्नासच्या वर पेपर मागे घ्यावे लागले. मृद्गंधा यांच्या विद्यार्थ्यांचं 'प्रयुक्ताला प्रयोग आवडला' आठवलं की नाही?

न्यूहेवनकर

+१. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या त्या खोट्या तुरुंगाच्या प्रयोगाचं कुणीच काढलं नाही अजून!

मृद्गंधा

स्टॅनफर्डवर वेगळा धागा काढा, मी येईन भांडायला.

अपडेट द्यायला आले आहे. बांधावरून यांचा प्रतिसाद वाचून काल त्या मुलाला गाठलं. विभागात बोलावलं नाही, कारण 'मॅडमनी बोलावलंय' हेच तर नको होतं. त्याची एसटी पाचची असते, स्टँडवर गेले. आधी उठून उभाच राहिला. म्हटलं, बस रे.

मी सगळं नीट सांगितलं. ते सहा जण मीच पढवले होते, आणि तू जे केलंस ते हजारो लोकांनी केलंय. आकडेवाला यांचे ३७ टक्केही सांगितले. तो ऐकत होता. मग म्हणाला, 'म्हणजे 'अ'च होती ना मॅडम?'

मी म्हटलं, हो, 'अ'च होती. तुला दिसली होती ना?

म्हणाला, 'दिसत होती. पण तुम्ही नजरेचा प्रयोग म्हणाला होता. सगळ्यांना 'क' दिसतेय आणि मला 'अ', म्हणजे माझंच काहीतरी बिघडलं. मला वाटलं, म्हणून हसले.'

'गंमत होती' हे त्याने ऐकलं होतं. ती गंमत आपल्या डोळ्यांची, असं धरून चालला होता. तासाला न येण्याचं कारणही मी समजत होते ते नव्हतं. मागच्या बाकावरून फळा दिसतो की नाही याची त्याला खात्री वाटेना, आणि पुढे बसायची लाज. शनिवारी वडिलांकडून दोनशे रुपये घेऊन बाजारपेठेतल्या चष्म्याच्या दुकानात जाऊन आला होता. चिठ्ठी पाकिटात होती, दाखवली मला.

नंबर बदललेला नव्हता.